उपचार खंडित होता कामा नये

(बेंगळुरू येथे रेल्वे युनियनच्या महिला विभागाने भरविलेल्या सभेत युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बोलायला उभे राहिलो की महागाई भत्ता, रोस्टर, रिक्त जागा हे विषय ठरलेलेच असतात. आजचा विषय निराळा आहे. स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, उपचार सुरू झाले, आणि मग मध्येच काहीतरी अडले, तर काय करायचे, हा तो विषय. सभेची नोटीस लागली तेव्हा काही बंधूंनी विचारले, हे काम डॉक्टरांचे, यात युनियनचा काय संबंध? संबंध असा आहे की उपचार अडतात ते दवाखान्यात, पण तुटतात ते बहुधा दवाखान्याबाहेर. रजा संपते, रेफरलचा कागद टेबलावर पडून राहतो, नवऱ्याची पाळी बदलून मिळत नाही, घरात कुणीतरी भलताच सल्ला देतो. यातले बरेचसे काम आपले आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, डॉक्टर नव्हे. औषध कोणते आणि किती, ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण आजारी भगिनींच्या फायली घेऊन दवाखान्यांचे जिने आम्ही पुष्कळ चढलो-उतरलो आहोत. जे सांगणार आहोत ते तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सभगिनींना विचारून घेतलेले आहे.

रोग किती आहे ते आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत हा पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या बेंगळुरूत किदवाई संस्थेत १९८२ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, त्यामुळे या शहराला हा रोग नवीन नाही. लवकरची अवस्था म्हणजे गाठ स्तनातच आहे, फार तर काखेतल्या काही गाठींपर्यंत गेली आहे, शरीरात इतरत्र गेलेली नाही. या अवस्थेत उपचाराचा हेतू रोग पूर्ण बरा करणे हाच असतो. हे वाक्य घरी जाऊन पुन्हा सांगा, कारण मध्ये काही अडले की सर्वांत आधी याचाच विसर पडतो.

थांबणे वेगळे, तुटणे वेगळे

आपण रेल्वेची माणसे. सिग्नल लाल झाला म्हणून गाडी रद्द झाली असे आपण म्हणत नाही. गाडी का थांबली ते विचारतो, लाईन क्लिअरची वाट पाहतो आणि मिळाली की निघतो. खाली उतरून रुळावरून चालत सुटणारा प्रवासी मात्र धोक्यात येतो. उपचाराचेही तसेच आहे. एक आठवडा थांबणे ही गोष्ट वेगळी आणि उपचार सोडून देणे ही वेगळी. आज आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीची हकीकत तिच्या परवानगीने सांगतो. नाव सांगणार नाही. ती ट्रॅकमेंटेनर, जुन्या भाषेत गँगवाली. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीचे दोन डोस नीट गेले. तिसऱ्या डोसाच्या दिवशी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी कमी. डॉक्टर म्हणाले, आज नको, आठवड्याने या. ते बोलले कन्नडमध्ये, हिच्या घरची भाषा मराठी. तिला समजले ते एवढेच की आज औषध देत नाहीत. घरी निष्कर्ष निघाला की शरीराला औषध मानवत नाही. शेजारणीने काढा देणाऱ्याचा पत्ता दिला. आठवड्याचे चार महिने झाले. ऑफिसात तिचे नाव सिक लिस्टवर होते, त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हते. काखेत गाठ हाताला लागली तेव्हा ती परत आली. उपचार पुन्हा सुरू झाले, पण आधीपेक्षा लांबलचक आणि कठीण. आज ती कामावर आहे. पण ते चार महिने तिला फार महागात पडले, आणि त्यांचे मूळ एका न समजलेल्या वाक्यात होते.

म्हणून कोणकोणते लाल सिग्नल लागू शकतात ते आधीच माहीत असलेले बरे.

शस्त्रक्रियेनंतरचा कागद

पहिला अडथळा शस्त्रक्रियेनंतर लगेच येतो. काढलेला भाग तपासायला जातो. स्तन राखून फक्त गाठ काढली असेल तर काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग पोचला आहे का ते पाहतात. कड स्वच्छ नसेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हे ऐकून घरात रडारड होते. डॉक्टर चुकले, रोग पसरला, असे लोक म्हणू लागतात. २०१२ साली इंग्लंडमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्या दर पाच स्त्रियांत जवळजवळ एकीला दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली होती. म्हणजे ही गोष्ट प्रगत देशांतही नेहमीची आहे. कड स्वच्छ नाही याचा अर्थ रोग अंगभर गेला असा नाही. थोडे काम उरले आहे, ते पुरे करायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काही भगिनी म्हणतात, मग आधीच सगळा स्तन काढून टाकला असता तर? त्याचेही उत्तर मिळालेले आहे. इटलीत डॉ. व्हेरोनेसी आणि अमेरिकेत डॉ. फिशर यांनी स्त्रियांवर वीस वर्षे लक्ष ठेवून २००२ साली निकाल जाहीर केले. गाठ काढून नंतर किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया आणि सगळा स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या. तेव्हा दोन्ही रस्ते खरे आहेत. कोणता घ्यायचा ते गाठ पाहून आणि बाईला विचारून ठरवावे.

त्याच कागदात आणखी तीन नावे असतात. ई.आर., पी.आर. आणि हर-टू. पुढची सगळी औषधे यांवर ठरतात. हर-टूचा निकाल कधीकधी "दोन प्लस" असा मधलाच येतो. तेव्हा फिश नावाची आणखी एक तपासणी करतात आणि तिला काही दिवस लागतात. हे थांबणे फुकट जात नाही, त्यावरून योग्य औषध ठरते. मात्र कागद कुठे अडला आहे याची चौकशी करणारा माणूस हवा. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर पडले तर निकाल बिघडतो, असे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. आठवडा-दोन आठवडे गेले म्हणून घाबरू नये, पण महिने जाऊ देऊ नयेत.

केमोथेरपी पुढे ढकलली जाते तेव्हा

केमोथेरपीचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. त्यात रोगाच्या पेशी मरतात, तशा केसांच्या मुळांच्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, मग पुन्हा भरून येतात. वेळेवर भरल्या नाहीत तर डोस पुढे जातो. म्हणजे शरीर औषधाला नाकारत नसते, त्याला उसंत हवी असते. पेशी वाढविणारे इंजेक्शनही मिळते. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात.

या काळात एक नियम पाठ करा. थर्मामीटर घरात हवा, आणि ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात जायचे. गोळी खाऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी नसताना साधा जंतूही जिवावर बेततो. ज्याच्या घरी अशी भगिनी आहे त्या बंधूला रात्रपाळीवर पाठवताना सुपरवायझरने हे ध्यानात ठेवले पाहिजे. रात्री दोन वाजता तिला गाडीत घालून नेणार कोण?

खाण्यापिण्याचे म्हणाल तर पाणी उकळलेले, अन्न ताजे आणि गरम. आपल्याकडची नाचणीची आंबील, मुद्दे, वरणभात, अंडे, जे पोटात राहील ते चालते. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुराचा रस, कुणी दिलेल्या पुड्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत. चोरून तर मुळीच घेऊ नयेत. डॉक्टर रागावतील म्हणून लपविलेली पुडी आम्ही पाहिली आहे. यकृत बिघडले आणि कशाने बिघडले ते शोधण्यात दोन आठवडे गेले.

काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. शर्टाचे बटण लागत नाही, पान्हा धरता येत नाही. पुष्कळ भगिनी हे सांगत नाहीत. सांगितले तर औषध बंद करतील अशी त्यांना भीती वाटते. उलट वेळेवर सांगितले तर डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते. न सांगता सोसले तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. तक्रार केल्याशिवाय दाद लागत नाही हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

महाग औषधाची अडचण

ज्यांचा हर-टू निकाल होकारार्थी येतो त्यांना ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन सहसा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागते. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठराविक मुदतीने इको काढतात. हृदयाचा जोर कमी दिसला तर इंजेक्शन काही आठवडे थांबवतात. बहुतेकींचे हृदय सावरते आणि औषध पुन्हा सुरू होते. हाही थांबण्याचाच प्रकार, तुटण्याचा नव्हे.

तुटते ते किमतीमुळे. याची हकीकत आपल्या शहराशी जोडलेली आहे. हे औषध स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीचे, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. ते स्वस्त व्हावे म्हणून देशात मोहीम झाली. २०१३ मध्ये रोशने त्याच्या भारतातल्या पेटंटवरचा हक्क सोडला. जानेवारी २०१४ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने तशाच गुणाचे औषध बाजारात आणले. ४४० मिलिग्रॅमच्या बाटलीची किंमत होती ५७,५०० रुपये. तीही थोडी नव्हे, पण मूळ औषधापेक्षा कमी. रोशने दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे इतर कंपन्या आल्या, २०१५ मध्ये हे औषध सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले आणि किमतीला लगाम बसला. बेंगळुरूत विकसित झालेल्या याच औषधाला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेनेही मान्यता दिली. औषधाची किंमत ही काही आकाशातून पडत नाही. मागणी केली, लढा दिला, तर ती खाली येते.

किरणोपचार, हात आणि गोळी

किरणोपचार पूर्वी पाच-सहा आठवडे चालत. आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा देऊन काम होते. अडथळे दोन प्रकारचे. कातडी भाजल्यासारखी लाल होते, किंवा यंत्र बंद पडते. यंत्र बंद पडले की लोक गावी निघून जातात. तसे करू नका. चुकलेले दिवस कसे भरून काढायचे ते डॉक्टरांना हिशेबाने ठरवावे लागते. त्यासाठी तुम्ही हाताशी हव्यात.

हाताला सूज येणे हा नंतरचा अडथळा. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर साधारण पाचात एकीला, आणि एखाद-दुसरी गाठच तपासली असेल तर वीसात एकीला ही सूज येते. लवकर दाखविली तर पट्टी, मालीश आणि व्यायामाने ती आटोक्यात राहते. त्या हाताने काहीच करू नये असे पूर्वी सांगत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. पण याचा अर्थ गँगमध्ये पहिल्याच दिवशी रूळ उचलायला लावावा असा नव्हे. हात लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

आता ज्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही तो अडथळा. ज्यांचा ई.आर. निकाल होकारार्थी आहे त्यांना पाच वर्षे, कधी त्याहून जास्त, रोज एक गोळी घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी. टॅमॉक्सिफेन जुने आणि स्वस्त औषध. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०११ साली मांडला गेला, त्यात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. एवढी मोठी गोष्ट त्या लहानशा गोळीत आहे. पण केस उगवले, कामावर रुजू झाल्या, सत्कार झाला, की गोळी मागे पडते. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, झोप लागत नाही. बाई कुणाला न सांगता गोळी बंद करते. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. सांध्यांना चालण्याने आणि व्यायामाने आराम पडतो. नाहीच पडला तर एक गोळी बदलून दुसरी देता येते. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, किंवा अवेळी फार रक्त गेले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

मनाचे

शरीराच्या अडथळ्यापेक्षा मनाचा अडथळा मोठा असतो असे भगिनींनीच आम्हाला सांगितले. डोस पुढे गेला की वाटते, आपलेच काहीतरी चुकले. कुणी मागल्या जन्माचे पाप काढते, कुणी कुलदेवीचा कोप. नवरा गप्प बसतो. त्याला काय बोलावे ते कळत नाही, आणि बाईला वाटते तो दुरावला. बंधूंनो, तुम्हाला भाषण करायचे नाही. तपासणीच्या दिवशी बरोबर जा, बाकावर शेजारी बसा, घरी आल्यावर चूल तुम्ही पेटवा. तेवढे पुरते. आणि "धीर धर, सगळे ठीक होईल" असे उठता-बसता म्हणू नका. तिला रडायचे असेल तर रडू द्या. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात रस राहिला नाही असे पंधरा-पंधरा दिवस चालले तर त्यावरही औषध आहे. मात्र ते कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावे, कारण मनाची काही औषधे टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतात.

अभिनेत्री महिमा चौधरी यांनी २०२२ साली आपला हा आजार जाहीरपणे सांगितला, केस गेलेल्या स्थितीत लोकांसमोर आल्या. नटीला ते जमले, आम्हाला कसे जमेल, असे एक भगिनी म्हणाली. तिचेही बरोबर आहे. पडद्यावरच्या बाईला लोक टाळ्या देतात, बुकिंगच्या खिडकीत बसलेल्या बाईकडे टक लावून पाहतात. म्हणून त्या काळात तिला खिडकीऐवजी आतले टेबल हवे असेल तर द्यावे. तिने मागितले तरच द्यावे, न मागता लपवू नये.

युनियनचे काम

आता आपल्या कामाकडे वळू. पहिली गोष्ट रजेची. एल.ए.पी. वर्षाला तीस दिवस, अर्ध्या पगाराची रजा वीस दिवस. मेडिकल सर्टिफिकेटवर अर्ध्या पगाराची रजा दुप्पट कापून पूर्ण पगारी करून घेता येते. शिल्लक संपली तर "लीव्ह नॉट ड्यू" मागता येते, साऱ्या नोकरीत मिळून ३६० दिवसांपर्यंत. उपचाराच्या सुरुवातीलाच शाखेतल्या माणसाबरोबर बसून वर्षाचा हिशेब मांडा. सगळी पूर्णपगारी रजा पहिल्या तीन महिन्यांत उडविली तर शेवटच्या डोसाला हातात काही उरत नाही, आणि अडथळे आले की मुदत लांबतेच. म्हणून हिशेबात महिना-दीड महिना जास्तीचा धरा.

दुसरी गोष्ट परत कामावर येण्याची. फिट सर्टिफिकेट मिळाले म्हणजे पूर्वीचे काम पूर्वीसारखे झेपेल असे नाही. रेल्वेत मेडिकल डीकॅटेगरायझेशनचा नियम आहे. पूर्वीच्या कामाला अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला पगार राखून पर्यायी जागा द्यावी लागते. हा उपकार नव्हे, हक्क आहे. पण तो कागद करण्याची घाईही करू नये. काही महिन्यांच्या हलक्या कामाने जी भगिनी आपल्या मूळ कॅटेगरीत परतू शकते तिला कायमची तिथून हलवू नये.

तिसरी गोष्ट आपल्या कंत्राटी भगिनींची. फलाट आणि डबे झाडणाऱ्या या बायका आपल्याच छपराखाली काम करतात, पण त्यांना रेल्वेचा दवाखाना नाही. त्यांच्यापैकी ज्या ई.एस.आय.मध्ये आहेत त्यांच्यासाठी दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग आहे. दोन वर्षांची विमा नोकरी आणि हप्त्यांची अट पुरी असेल तर मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कंत्राटदार हप्ते भरतो की नुसते कापतो, हे आजार झाल्यावर पाहून उपयोग नाही. ते आज तपासा. ज्यांचे आयुष्मान कार्ड निघते त्यांनी ते काढून ठेवावे. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे.

चौथी गोष्ट प्रवासाची. मिरज, बेळगाव, हुबळीकडून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर बसून किदवाईला येणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर ए.सी.त तिकीट माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. दवाखान्याचे ठराविक नमुन्यातले सर्टिफिकेट लागते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि आपणच खिडकीत बसलेले असतो. विचारण्याची वाट न पाहता सांगा. डोस पुढे ढकलला गेला की तेच भाडे दुसऱ्यांदा भरावे लागते, आणि गरीब माणूस तिथेच तुटतो.

पाचवी गोष्ट भाषेची. या शहरात कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ, उर्दू सगळे आहेत. डॉक्टर घाईत असतात. महिला विभागाने प्रत्येक आजारी भगिनीमागे एक साथीण नेमावी, तिची भाषा आणि कन्नड दोन्ही येणारी. डोस पुढे गेला तर साथिणीने तीन प्रश्न विचारावेत. का थांबलो? पुन्हा केव्हा यायचे, तारीख कोणती? तोपर्यंत काय झाले तर ताबडतोब यायचे? उत्तरे लिहून घ्यावीत. आणि त्या तारखेला भगिनी गेली की नाही ते फोन करून विचारावे. मघाशी सांगितलेल्या हकीकतीत एवढे झाले असते तर चार महिने गेले नसते.

आता एक शब्द, ज्यांना काही झालेले नाही त्यांच्यासाठी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांहून जास्त स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेली तपासणी, यंत्र नाही की फिल्म नाही. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी तपासणी आपल्या कॉलनीत आणि वर्कशॉपात व्हावी, ही मागणी आम्ही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालत आहोत. त्याबरोबर दुसरी मागणी अशी की कर्करोगाचे रेफरल दर वेळी नव्याने न काढता संपूर्ण उपचाराच्या मुदतीसाठी एकदम द्यावे, आणि आजारी भगिनीच्या नवऱ्याला किंवा मुलाला डोसाच्या आठवड्यात रात्रपाळी नसावी. दोन्हीला पैसा फारसा लागत नाही, सहीच लागते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळे नीट करूनही काहींचा रोग परत येतो. ज्यांचा आला त्यांनी काही चुकीचे केले असे कुणी म्हणू नये. त्याच जागी परतलेल्या रोगावरही पुष्कळदा पूर्ण उपचार होतो. त्यांच्याही रजेसाठी, औषधासाठी ही युनियन तितक्याच जोराने भांडेल. आमचे म्हणणे एवढेच की रोगाशी झुंजताना आपल्यातली कुणी हरली तर ती रोगापुढे हरावी लागेल. न समजलेल्या वाक्यापुढे, न झालेल्या सहीपुढे, दुसऱ्यांदा न परवडलेल्या भाड्यापुढे कुणी हरता कामा नये.

दाराजवळच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर ते तीन प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये छापले आहेत, पुढे तारखा, रक्ताचे आकडे आणि ताप लिहायला रकाने आहेत. आपल्या घरी, शेजारी, गँगमध्ये कुणाचे उपचार चालू असतील तर तिच्यासाठी एक न्या. आणि ज्यांना साथीण व्हायचे आहे त्यांनी चहा घेण्याआधी महिला विभागाकडे आपले नाव आणि येणाऱ्या भाषा लिहून द्याव्यात.